नाताळची उशी

आमच्या पहिल्या नाताळची फजिती मी तुम्हाला सांगितली नसेल. निवृत्तीनंतर चर्चने आम्हा दोघांना वडशाजवळच्या एका खेड्यात सेवेला धाडलं. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, पण तिथे उपदेश करायचा म्हटलं की लोक झोपी जातील अशी धास्ती वाटायची. सुशीला, माझी बायको, म्हणायची, “झोपायची ती तुमची कॉलेजातली मुलं. ही माणसं नाही झोपणार.” हा धीर होता की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

नाताळच्या संध्याकाळी पाहतो तर अख्खं गाव चर्चच्या अंगणात, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर चादर नाहीतर घोंगडी! एक म्हातारी तर उशीच घेऊन आलेली. माझं अवसानच गळालं. लोक झोपायच्याच तयारीने आले होते. नाताळच्या कथेत मी गव्हाणीपासून मेंढपाळांपर्यंत धावत सुटलो आणि घाईघाईने ‘आमेन’ म्हणून खाली बसलो.

कोणी जागचं हलेना. शेवटी आम्हाला दूध घालणाऱ्या सखूबाई म्हणाल्या, “काऊन भाऊ, झालं? एवढंच?”

“हो. तुम्हाला झोप आली असेल ना?”

“झोप कायची जी! आमच्या इकडं नाटक उजाडेपर्यंत चालते. आमी त रातभर आयकाच्या तयारीनं आलो!”

मला इतका आनंद झाला की मी उठून पुन्हा गव्हाणीपासून सुरुवात केली.

सुशीलाने त्या म्हातारीची उशी मागून घेतली.