चार इंचाची नळी

आजच्या या कौतुक सोहळ्याच्या अध्यक्षा माननीय हंसाबेन, व्यासपीठावर बसलेले उत्तनचे आमचे फादर मॅथ्यू, आजची सत्कारमूर्ती कुमारी कॅरेन गोन्साल्विस, पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे संशयानं बघणाऱ्या तिच्या मातोश्री कॉनीताई, आमच्या नेमबाजी क्लबचे सर्व खेळाडू, आणि काशीमीऱ्याचा सिग्नल ओलांडून वेळेवर पोचलेल्या व अजून तिथेच अडकलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो,

मी आत्माराम खोपकर. मुंबई पोलीस दलात एकतीस वर्षं आर्मरर होतो. म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, साफ करणारा, मोजून घेणारा माणूस. निवृत्त झालो, गोडदेवला घर घेतलं, आणि गेली नऊ वर्षं क्लबच्या पोरांना नेमबाजी शिकवतोय. फादर, तुम्ही माझ्या पिशवीकडे बघताय. घाबरू नका, हत्यार आणलेलं नाही. पिशवीत फक्त एक कागद आहे. त्याचं काम शेवटी.

मित्रहो, आधी आनंदाची गोष्ट, छाती फुगवून सांगतो. राज्य रिव्हॉल्व्हर स्पर्धा, खुला गट. बत्तीस स्पर्धक, त्यातले एकतीस पुरुष. आणि सुवर्णपदक कोणाचं? उत्तनच्या या पोरीचं! वाजवा टाळ्या. अजून जोरात! केबिन रोडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही रक्त घेते. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना तिनं सुई टोचलेली आहे, आणि एकालाही दोनदा टोचावं लागलेलं नाही. तिचा नेम मी शिकवला असं पेपरात छापून आलंय. ते तितकंसं खरं नाही. म्हणून तर मी बोलायला उभा राहिलोय.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंटाळलात तर चहा मागे ठेवलाय. रिव्हॉल्व्हरची नळी म्हणजे गोळ्यांचं गोल फिरणारं चक्र संपतं तिथपासून पुढच्या तोंडापर्यंतचा भाग. आमच्या खेळात दोन मापं चालतात, चार इंच आणि सहा इंच. हंसाबेननी मला एकदा विचारलं होतं, "अरे खोपकरभाई, दो इंच में ऐसा क्या रखा है?" बेन, त्या दोन इंचांत माझी सत्तावीस वर्षं होती.

नळी लांब असली की नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा, म्हणजे साईट, एकमेकींपासून लांब जातात. नजरेची बारीक चूकसुद्धा लगेच दिसते, सुधारता येते. तोंडाशी वजन असतं, त्यामुळे हत्यार शांत राहतं. सावकाश नेम धरायचा असेल तर सहा इंचासारखं सुख नाही. पण आमची निम्मी स्पर्धा सावकाश नसते. हात खाली ठेवून उभं राहायचं. समोरचं टार्गेट फिरतं आणि तुमच्याकडे तोंड करतं ते फक्त तीन सेकंद. तेवढ्यात एका हातानं हत्यार उचलायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा. असं पाच वेळा. तोंडाशी जड असलेली नळी तेव्हा उचलताना वर निघून जाते, मग तिला खाली आणा. तीन सेकंदांत कुठे कुठे आणणार?

आता माझी गोष्ट. एकोणीसशे सत्त्याण्णव साली मी पोलिसांच्या स्पर्धेत उतरलो होतो. हातात सरकारी चार इंची रिव्हॉल्व्हर. रेंजवर शेजारच्या पट्ट्यात उभ्या असलेल्या गड्याकडे स्वतःचं सहा इंची. शेवटची गोळी उरली होती. दहा लागले असते तर सुवर्ण माझं होतं. आठ लागले. एका गुणानं सुवर्ण गेलं. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगत आलो, की दोन इंच कमी पडले हो. बायकोला सांगितलं, साहेबांना सांगितलं, लग्नकार्यात शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्यांनासुद्धा सांगितलं. निवृत्तीनंतर परवाना काढून पहिली गोष्ट घेतली ती सहा इंची रिव्हॉल्व्हर. आणि कॅरेन तयार झाली तेव्हा तिच्या हातात तेच दिलं. माझं राहिलेलं काम ती पुरं करणार होती ना!

दोन वर्षं तिनं ते चालवलं. सावकाश फेरीत पहिल्या तिघांत, तीन सेकंदांच्या फेरीत खाली. गेल्या वर्षी चौथी आली. लॅबनं सांगून टाकलं की यंदाची सुट्टी शेवटची. म्हणजे हीच एक संधी उरली होती. आणि स्पर्धेच्या फॉर्मवर नळीची लांबी लिहायचा रकाना असतो. मी तिला न विचारता, माझ्या पेनानं, ठळक सहा लिहून टाकला.

त्या रविवारी ती गोडदेवला माझ्या घरी आली. हातात टार्गेटच्या कार्डांचे दोन गठ्ठे, वर रबर लावलेलं. म्हणाली, "सर, मी महिनाभर क्लबच्या जुन्या चार इंचीवर पण प्रॅक्टिस करतेय. तुम्हाला सांगितलं नाही, सॉरी. प्लीज एकदा कार्डं बघा ना."

क्लबचं ते चार इंची म्हणजे मुलामा उडालेलं, मुठीला टेप गुंडाळलेलं हत्यार. मला राग आला. अहो, नुसता राग नाही, माझा तिळपापड झाला. मी कार्डांना हातसुद्धा लावला नाही. म्हणालो, "लांब नळी सोडलीस तर तुझ्या मागे मी उभा राहणार नाही. ठरव तू."

ती गठ्ठे टेबलावर ठेवून निघून गेली. इतक्या जणांसमोर सांगतोय, मला माझ्या त्या शब्दांची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कॉनीताई. हातात सुक्या बोंबलांची पुडी. मला वाटलं, आल्या समजूत काढायला. कसली समजूत! उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "सर, बंदूक तुमची हाय, पन हात तं तिचा हाय ना? मी सुरमईला मोठी विळी घेते, बोंबलाला लहान. बोंबलाला मोठी घेतली तं हाती काय र्‍हाईल? तुमाला काय जिंकायचा हाय तो तुमी ठरवा. माझी पोर रातभर जेवली न्हाय." पुडी टेबलावर ठेवली आणि गेल्या. चहा विचारायची पण संधी दिली नाही. हसू नका कॉनीताई, माझी पाचावर धारण बसली होती.

मग मी गठ्ठ्यांचं रबर सोडून कार्डं बघितली. सहा इंचीच्या गठ्ठ्यात तीन सेकंदांच्या फेरीची भोकं उभ्या ओळीत. एक वर, एक खाली, एक आणखी वर. नळी वर जातेय, ती ओढून खाली आणतेय. दुसरा गठ्ठा चार इंचीचा. भोकं थोडी पसरलेली, पण गोलात. सगळी नऊ-दहाच्या आत. आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं. शेजारी तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हात आपोआप थांबतो.'

आता आमच्या क्लबचा एक नियम सांगतो. मीच घातलेला आहे. सराव संपला की प्रत्येकानं आपलं कार्ड सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. नाव सांगायचं, गोळी कुठे लागली ते सांगायचं, आपलं काय चुकलं ते सांगायचं. वारा, घाम, बाहेर हायवेवर रिव्हर्स घेणारे ट्रक, यांना दोष द्यायचा नाही. आणि शेवटी म्हणायचं, हत्यार निर्दोष. नऊ वर्षांत मी शेकडो पोरांकडून हे म्हणवून घेतलंय. पोरं रडली तरी सोडलं नाही.

तिची कार्डं वाचता वाचता काय वाटलं कोण जाणे, मी कपाट उघडलं. सत्त्याण्णवचं माझं कार्ड तिथे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, सत्तावीस वर्षांहून जास्त काळ. मी ते शेकडो वेळा काढून बघितलंय. पण नुसतं बघितलंय. त्या दिवशी पहिल्यांदा ते वाचलं.

कार्ड वाचलं, आणि पलंगावर बसून राहिलो.

तरी मी कॅरेनला काही बोललो नाही. तेवढा मोठेपणा कुठून आणायचा? फॉर्मवरचा सहा खोडला, चार लिहिलं, सही केली, आणि फोनवर एवढंच म्हणालो, "चार लिहिलंय. मी मागे उभा आहे."

मित्रहो, स्पर्धेच्या दिवसाचं सगळं सांगत नाही. शेवटची गोळी सांगतो. एक गडी पाचशे बहात्तर करून बसला होता. कॅरेनचे पाचशे त्रेसष्ट झाले होते. दहा लागले की सुवर्ण. तिनं गुणांच्या फळ्याकडे बघितलं नव्हतं, तिला हिशोब माहीत नव्हता. मला होता. चार इंची हत्यार, तीन सेकंदांची फेरी, शेवटची गोळी. अगदी तीच जागा.

आणि आता जे सांगतोय, ते मी घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. टार्गेट फिरायच्या आधी, एक क्षणभर, माझ्या मनात आलं की आठ लागू दे. का? कारण ही पोर चार इंचानं जिंकली, तर मग सत्त्याण्णव साली चुकलं ते कोण? जिनं दोन वर्षं माझ्या हट्टापायी दोन इंच जास्तीचं ओझं उचललं, तिचंच पदक मी मनातल्या मनात काढून घेत होतो. केवढा हा कोतेपणा!

टार्गेट फिरलं. तिचा हात वर आला आणि थांबला. आपोआप थांबला, अगदी तिनं लिहिलं होतं तसा. गोळी सुटली.

दहा! अहो, दहा! मधोमध!

मी असा ओरडलो की रेंज ऑफिसरनं मला दम भरला, बाहेर काढायची धमकी दिली. काढा म्हटलं! पासष्टी ओलांडलेला माणूस, सगळ्यांसमोर ढसाढसा रडत होतो. तो क्षणभराचा कोता आत्माराम कुठे गेला, मला खरंच माहीत नाही. तिच्या दहानं त्याला पार पळवून लावलं. इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही. माझं स्वतःचं सुवर्ण आलं असतं तरी झाला नसता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दोनच मिनिटं बेन, आवरतो.

हंसाबेननी त्यांचं काशीमीऱ्याचं गोडाऊन आम्हाला सरावासाठी दिलं, त्यांचे आभार. टाळी कमी पडू नये म्हणून उत्तनची अख्खी पॅरिश, म्हणजे चर्चची सगळी मंडळी, घेऊन आलेले फादर मॅथ्यू, आपले आभार. कॉनीताई, बोंबील चांगले होते, आणि तुमचा शब्द त्याहून चांगला लागला. आपण सगळे माझी बडबड ऐकून घेताय, आपलेही मनापासून आभार.

आता पिशवीतला कागद. क्लबमधल्या पोरांनो, उभे राहा. नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि एका माणसानं तो आजवर पाळलेला नाही.

आत्माराम खोपकर. सत्त्याण्णव साल, नळी चार इंच. शेवटची गोळी, आठ. खाली, डावीकडे. चाप ओढताना बोटानं घाई केली.

हत्यार निर्दोष.

बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं. आणि कॅरेन, तुझी वेगळी माफी मागतो, पोरी. सहा मी तुला न विचारता लिहिला होता.

नमस्कार.