मेंदूने आधीच ठरवलं

"बेसबॉल हा खेळ नाही, शुद्ध भौतिकशास्त्र आहे," गळ्यात हात बांधलेला भाऊ म्हणाला. हाडांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या शिंप्याने दुखरा गुडघा विसरून कान टवकारले.

"दादा, खरं सांग, संघात ठेवतील का तुला?" बहिणीने विचारलं.

"न ठेवायला काय झालं? पिचरने फेकलेला चेंडू नीट दिसेपर्यंत निघूनही जातो. म्हणून बॅट फिरवायचं मेंदूला आधीच ठरवावं लागतं."

"मग, ठरवलंस?"

"ठरवलं! अशी फिरवली की खांदाच निखळला."

"आणि चेंडू?"

"शास्त्रात काडीची चूक नव्हती."

"दादा, चेंडू कुठे होता?"

दादाने शिंप्याकडे चोरून पाहिलं.

"जमिनीवर. पिचर बुटाची नाडी बांधत होता."