धुऊन ठेवलेली टाकी

— नाही हो साहेब, त्यानं लिहून दिलंय ते पुन्हा एकदा वाचा. ‘पाइप फुटल्याचं वहिनींना संध्याकाळीच कळवलं होतं.’ चौकशीच्या सरकारी कागदावरही वहिनी म्हणायला विसरला नाही बघा. कळवलं? कुठं कळवलं? पाणीपुरवठ्याच्या या खिडकीत फोन एकच, आणि सोळा वर्षं त्याच्यापाशी मीच बसते. तो माझा धाकटा दीर — टेकडीकडच्या पाण्याची चावी तोच सोडतो. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता, सासूबाई गेल्यावर शाळेच्या शर्टाची बटणं मी लावलीत त्याची. या नोकरीचा अर्जही मीच भरला, ह्याच टेबलावर.

पाण्याचं काही आपल्या हातात असतं का? तलाव आटतो, वीज जाते, जुना पाइप कुठे फुटेल ते पाइपालाही माहीत नसतं. म्हणून तर पद्धत आहे — टेकडीवर पाणी चढवायचं असलं की आदल्या संध्याकाळी तो फोन करतो, ‘वहिनी, उद्या सहाला.’ तेवढंच. मग मी लोकांना सांगते. त्या दिवशी संध्याकाळी उशिरा टेकडीवरच्या बाळंतिणींच्या दवाखान्यातून सिस्टरबाईंनी विचारलं, उद्या नक्की ना? टाकीत गाळ साचलाय, रिकामी करून धुऊन घेऊ का? मी म्हटलं, घ्या की, सहाला भरपूर येईल. धुतली हो बिचाऱ्यांनी, घासूनपुसून लख्ख. आणि चार दिवस थेंब नाही. अकरा बाळंतिणी, साहेब — तान्ही पोरं छातीशी धरून जिना उतरल्या, दुसऱ्या दवाखान्यात जायला. एकीचे टाके ओले होते.

पाइप दुपारीच फुटला होता. हा खड्ड्याच्या काठावर उभा. मोठे साहेब म्हणाले म्हणे, गाजावाजा नको, सकाळपर्यंत जोडून टाकू. बरं, जगाला नको सांगूस. मला पण नाही?

काय म्हणालात? — त्याचा फोन आल्यावर मी सिस्टरबाईंना सांगितलं का? अहो, तेच तर सांगतेय, फोन आलाच नाही... म्हणजे — हो. न येताच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, मंगळवारी टेकडीची पाळी असते, वाटलं विसरला असेल, दमतो दिवसभर. आधीही दोन-चारदा सांगितलंय तसं, त्याला कुणी बोल लावू नये म्हणून. तेव्हा पाणी आलं, तर कोण विचारतंय.

लिहा तेही. नाही, खोडू नका. त्यानं कळवलं नाही हे लिहा, आणि कळल्यावाचून मी सांगितलं हेही लिहा. नोकरी जायची तर जाऊ दे — त्या बायकांपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू, ते काय नोकरी राहिली म्हणून सुटणार आहे?

झाली सही.

बाहेर बाकावर बसलाय ना तो? मांडीवर माझा डबा घेऊन — काचेतून दिसतोय मघापासून. जाताना त्याला सांगा, वहिनी मागच्या दारानं घरी गेली. — हो, इथेच आहे मी. तरी सांगा. या आता तुम्ही.