चाकं खाली घे

ती: नाही, चहा नको, पाणी नको. ते विमान काढून टाक. तेवढंच सांगायला आले.

तो: कुठलं विमान?

ती: साळसूदपणा पुरे. माझा आवाज आहे ना ज्यात, ते.

तो: लाल पट्ट्याचं? तुला कसं कळलं... म्हणजे तू उडवतेस?

ती: मी कशाला उडवू? या विमानांपायीच दोन वर्षांपूर्वी घर सोडलं मी. घटस्फोटाच्या कागदावर सही केल्यापासून या इमारतीची पायरी चढले नव्हते. आज चढले, म्हणजे काहीतरी असेलच ना?

तो: हो. ते आहे.

ती: मी राहते ना, तिथले घरमालक उडवतात. नाना. पंच्याहत्तरी उलटलीये, गुडघे गेलेत. जावयाने कॉम्प्युटर बसवून दिलाय, तर दिवसभर खालच्या खोलीत तो विमान उडवायचा खेळ घेऊन बसतात. परवा मी जिना चढत होते, दोन्ही हातांत पिशव्या. आणि खालून माझाच आवाज आला. अशी दचकले की पिशवी सुटली हातातून. सगळी अंडी फुटली.

तो: नानांकडे आहे मी बनवलेलं विमान?

ती: बघा, चेहरा कसा उजळला! अंड्यांचं काही नाही.

तो: नाही, तसं नाही. अंड्यांचं वाईट झालं. पण आवृत्ती कुठली आहे त्यांच्याकडे? जुनीत डाव्या पंखाला एक फट दिसायची. मी बुजवलीये ती.

ती: अरे देवा! काडीचा बदलला नाहीस.

तो: तू आत ये आधी. दारात नको.

ती: आत म्हणजे मागच्या खोलीत. बाकीच्या घरात तू असतोस कुठे? ...पडदा तोच का अजून? धुतलास तरी का रे कधी? आणि ही दांडी कसली?

तो: ती चाकांची. खाली ओढली की विमानाची चाकं बाहेर येतात. तयार मिळते बाजारात, पण मी घरीच केली. वर कुकरची मूठ बसवलीये.

ती: माझा कुकर!

तो: तू टाकून गेली होतीस. त्याची शिट्टी गेली होती.

ती: म्हणून त्याचं विमान केलंस. बरं, हसवू नकोस मला. मी भांडायला आलेय. परवा जेवताना नाना मला काय म्हणाले ठाऊक आहे? 'विमानातली ती बाई कोण असेल गं? चांगल्या घरातली वाटते. पण कुणावर तरी फार रुसलीये बिचारी.' मी मान खाली घालून जेवत राहिले.

तो: त्यांनी ओळखलं नाही?

ती: त्यांना निम्मं ऐकू येत नाही, म्हणून वाचले. पण मला ओळखू येतो ना माझा आवाज! काढ ते. आत्ता, माझ्यासमोर.

तो: साइटवरून काढता येईल. पण ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडे राहणारच. कुणाकुणाकडे आहे, मला तरी काय माहीत? एक जण आहे परदेशात, त्याच्या गावात कायम बर्फ असतं. एक बाई आहे, गोदामात रात्रपाळी करते, सकाळी झोपायच्या आधी एकदा उडवते म्हणे. खऱ्या विमानातल्या तबकड्यांचे फोटो तीच शोधून पाठवते मला. उंचीच्या काट्याचं टोक चुकलं होतं माझं, तिनेच दाखवलं.

ती: त्यांच्याशी बोलतोस तू?

तो: बोलतो म्हणजे लिहितो. ते लिहितात, छान झालंय. मी लिहितो, आभारी आहे.

ती: याला बोलणं म्हणतात?

तो: दुकानात तेवढंही होत नाही. चष्म्याच्या काचा घासायच्या, कडा मोडायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. गिऱ्हाईक पुढे, मी मागे.

ती: मग दुसऱ्या कुणाचा आवाज घाल.

तो: दुसरं कोण आहे?

ती: भोंगा वाजव नुसता.

तो: इशारा द्यायला बाकी सगळ्यांच्या विमानांत भोंगाच असतो. तूच म्हणाली होतीस, 'भोंगा कसला वाजवतोस, मी ओरडते ना त्याच्यावर मराठीत.'

ती: म्हणाले होते. कारण या खोलीत पाऊल टाकायला मला दुसरं निमित्त उरलं नव्हतं.

तो: नको ना काढायला लावूस.

ती: का?

तो: लोकांना आवडतं.

ती: लोकांचं राहू दे. खरं काय ते बोल.

तो: संध्याकाळी घरी आलो की तेवढाच आवाज असतो घरात. निघताना म्हणतेस, 'पट्टा लाव.' ढगात शिरलो की 'वेग बघ, वेग.' आणि टेकलो की 'आलो बाई एकदाचे.' ते तू उगाच म्हणाली होतीस, मीच ठेवलं. ते ऐकतो, मग कॉम्प्युटर बंद करतो आणि जेवतो.

ती: रोज?

तो: रोजच.

ती: असं होय... आणि ते चाकांचं? तेही रोज गोड वाटतं ऐकायला?

तो: 'चाकं खाली घे'? त्यात काय आहे?

ती: त्याच्या पुढचं म्हणतेय मी.

तो: पुढे काही नाही. तीनदा म्हणतेस, चाकं खाली घे. संपलं.

ती: हे बघ, थट्टा करू नकोस माझी. आज नको. मी काय बोलायचं ते मनाशी धरून, दोन बस बदलून आलेय. तू माझं ते बोलणं जगभर वाटलंस. अनोळखी माणसं ऐकतात ते. तेवढ्याचाच राग आलाय मला, बाकी कशाचा नाही.

तो: कुठलं बोलणं? मला खरंच कळत नाहीये.

ती: तू ऐकलंच नाहीस?

तो: काय ऐकलं नाही?

ती: नाना तर रोज ऐकतात! विमान खाली आणतात, चाकांचं बटण सापडत नाही, मग चष्मा शोधतात. तोवर माझी सगळी टेप वाजून संपते.

तो: मी चाकं विसरत नाही.

ती: एकदाही?

तो: चाकं कशी विसरेल माणूस? धावपट्टी दिसायच्या आधी मी ती खाली घेतो. इशारा वाजायची वेळच येत नाही. आणि वाजला तरी चाकं खाली आली की तो बंद होतो. तसंच बांधलंय मी.

ती: आणि लोकांना द्यायच्या आधी? तेव्हा तपासलं असशील की.

तो: तपासलं. वाजायला लागलं, म्हणजे चालतंय. दांडी ओढली, बंद झालं. म्हणजे तेही चालतंय.

ती: कापाकापी केलीस ना पण तेव्हा? दोन दिवस बसला होतास.

तो: बाकीचे सगळे तुकडे कापावे लागले, तू मध्येमध्ये हसली होतीस. हा एकच पहिल्या झटक्यात नीट आला होता. सुरुवात ऐकली आणि तसाच उचलून घातला. ...थांब. लोक विचारायचे.

ती: काय विचारायचे?

तो: तो बर्फातला. शेवटी ही बाई काय म्हणते, म्हणून. त्यांना आपली भाषा कुठे येते? मी लिहिलं, चाकं खाली घ्या म्हणते. त्याने पुन्हा लिहिलं, पण फार हळू म्हणते. गोदामातल्या बाईनेही विचारलं होतं, तिला रडू का येतंय. मला वाटलं, माइकचा दोष. मी पुढच्या आवृत्तीत आवाज वाढवून दिला.

ती: वाढवून दिलास!

तो: हो. चांगला दीडपट.

ती: म्हणून जिन्यापर्यंत आला! धन्य आहे रे तुझी.

तो: काय म्हणाली होतीस?

ती: आता कशाला?

तो: सांग ना.

ती: तू मला या खोलीत बसवलंस, माइक पुढे केलास आणि स्वतः बाहेर गेलास. का, तर तुझ्या श्वासाचा आवाज येतो. मी तुझी वाक्यं म्हटली. म्हणून झाली तरी यंत्र चालूच. बंद कसं करायचं ते मला कुठे ठाऊक? लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं. मग बोलले. म्हटलं, समोर नाही जमत, तर कापायला बसेल तेव्हा तरी ऐकेल. दोन दिवसांनी तू बाहेर आलास आणि म्हणालास, 'मस्त आलंय.'

तो: म्हणालो असेन.

ती: म्हणालास. आणि पानावर बसलास. मला वाटलं, याने ऐकलं आणि गिळून टाकलं. कितीतरी महिने वाट बघितली मी, आज काही बोलेल, उद्या बोलेल. मग बॅग भरली.

तो: तू मला तसं कधी म्हणाली नाहीस.

ती: म्हणाले होते की. तुझ्याच माइकमध्ये.

तो: मी ऐकलंच नव्हतं गं.

ती: ते आज कळतंय. इतकी वर्षं मी तुला दगड समजत होते. ...ऐकलं असतंस तर?

तो: तर...

ती: मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस.

तो: कापून टाकलं असतं. चुकून राहिलं असेल म्हणून. आणि मग बाहेर येऊन तुझ्याशी काय बोलायचं, ते मला सुचलं नसतं. खूप वाटलं असतं, पण सुचलं नसतं.

ती: हं. खोटं बोलायला अजून शिकला नाहीस, एवढं बरं.

तो: एकदा ऐकू दे. मग काढतो. शपथ.

ती: मी गेल्यावर ऐक.

तो: तू गेल्यावर माझी हिंमत होणार नाही. विमान तयारच आहे, तू बेल वाजवलीस तेव्हा उतरतच होतो. हवेत थांबवून ठेवलंय.

ती: बिचारं. बरं, उतरव. पण मी स्क्रीनकडे बघणार नाही.

तो: धावपट्टी समोर आली. इंजिन कमी करतो. आता वाजेल.

ती: वाजलं... अरे! दांडी कशाला ओढलीस? 'चाकं' म्हणाले आणि बंद!

तो: मी नाही ओढली. हात गेला.

ती: पुन्हा कर.

तो: वर जाऊन फेरी मारून यावं लागेल.

ती: मार. मला कुठे घाई आहे?

तो: ...आलो. आता लक्ष ठेवतो. आता नाही... चुकलं. सवय आहे गं.

ती: तो हात इकडे दे. उडतं ना एका हाताने?

तो: उडतं.

ती: मग दे. माझा घट्ट धर. आणि काही झालं तरी सोडू नकोस.

[विमान खाली येतं. यंत्रातून तिचा आवाज: 'चाकं खाली घे. चाकं खाली घे. चाकं खाली घे. ...झालं. चालू आहे वाटतं हे अजून. ऐक ना. आज जेवायला बाहेर ये, आणि हे दार उघडं ठेव. मी बाहेर एकटीच बसते रे रोज. तुझ्या विमानांचा राग नाही मला. मला पण ने ना कुठेतरी.' विमान पोटावर घासत जातं आणि थांबतं.]

ती: संपलं. मोडलं का रे काही?

तो: पुढचा पंखा वाकला. वाकलेला कसा दिसेल ते करून ठेवलं होतं मी. कधी बघायलाच मिळालं नाही.

ती: रडतोयस?

तो: हो.

ती: रड. मीही त्या दिवशी जिन्यात बसून रडले, अंड्यांच्या राड्यात. ...हात सोड आता. कामाला लागायचंय तुला.

तो: हो. ...हे बघ, साइटवरून गेलं. तिथे आता कुणाला मिळणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांना भोंगा घातलेलं नवीन पाठवतो आणि जुनं पुसायला सांगतो. नानांचं तेवढं तू बसवून दे.

ती: देईन. विचारतील, बाई कुठे गेली.

तो: काय सांगशील?

ती: सांगेन, लागली कुठेतरी नोकरीला. तुझ्याकडची प्रत हवी तर ठेव. 'पट्टा लाव' वगैरे ठेव. ते चांगलं आहे.

तो: नको. ठेवली तर मी रोज इथेच बसेन, तुझ्याशी बोलत. आणि तू तिकडे... तिकडे कोण आहे तुला?

ती: कोण असणार? वर मी, खाली नाना.

तो: मला वाटायचं, कुणीतरी असेल.

ती: नाही. पण म्हणून काही भलतंसलतं मनात आणू नकोस हं. ते झालं आपलं. मला आता पुन्हा वाट बघत बसायची नाही.

तो: नाही आणत. ...पुसतोय. जरा वेळ घेईल, सगळ्या आवृत्त्या आहेत. तू आल्यापासून उभीच आहेस की गं! या खोलीत दुसरी खुर्ची आणायचं कधी डोक्यातच आलं नाही माझ्या. थांब, बाहेरची आणतो.

ती: आता कशाला? झालं ना पुसून?

तो: हो. झालं.