जेरुशाची लापशी

कनेक्टिकट नदीच्या धक्क्यावर, पलीकडच्या प्रवचनाला निघालेल्यांची नावेसाठी रांग लागली होती. टॅबिथा पावाची टोपली घेऊन उभी होती. पुढे दोन बायका बोलत होत्या.

“अगं केझाया, गाडीत निजलीय ती तुझी जेरुशा ना?”

“हो. पाद्रीबाबांनी नरकाचं सांगितलं, तेव्हापासून अन्नाला शिवलेली नाही. म्हणते, माझ्यासारख्या पापिणीनं कशाला खायचं?”

“भाग्याची आहेस बाई! देवाची कृपा व्हायच्या आधी अस्संच होतं. आमची कार्टी बघ, तेच प्रवचन ऐकून आली आणि ताटभर जेवली.”

“सगळं गाव तेच म्हणतं. येतात, तिच्या उशाशी बसून रडतात.”

“मग तुझं तोंड का उतरलंय?”

“काल तिनं आपणहून लापशी मागितली गं.”

“अगंबाई! दिलीस की काय?”

“नाही दिली. म्हटलं, पोर एवढी देवाच्या दाराशी पोचलीय, माझ्या हातानं कशाला मागं फिरवू?”

“बरं केलंस. आज काय म्हणते?”

“आज मागत नाही. हाक मारली तरी ओ देत नाही.”

“मग झालीच की कृपा!”

“तेच असेल ना गं?”

“दुसरं काय असणार? अहो, सरका जरा! पोरीवर कृपा झालीय, तिची गाडी आधी जाऊ द्या!”

रांग सरकली. टोपली काखेत घेऊन टॅबिथाही सरकली.