ज्या ओळीवर सारे हसले

शाकीब : पन्नास टक्के झालं. हात नका लावू, काका. वायर हलली तं पुन्हा पहिल्यापासून.

भगवंतराव : मी कुठं लावून राहिलो? तेल्हाऱ्याहून अकोल्यापर्यंत हा लॅपटॉप मांडीवर घेऊन आलो एसटीत. तवा नाही बिघडलं, आता काय बिघडन?

शाकीब : बिघडलेलंच आणलं तुमी. मधेच बंद पडते म्हणून तं आणलं.

भगवंतराव : अन् हे नखाएवढं कार्ड घालून तू काय केलं?

शाकीब : त्याच्यावर लिनक्स टाकलं. लॅपटॉप आता सोताच्या पोटातून नाही, कार्डावरून चालू आहे. आतलं सारं झोपलेलं आहे. ते जसंच्या तसं उचलून कार्डाच्या उरलेल्या जागेत ठेवून राहिलो. उद्या लॅपटॉप मेला तरी तुमचं काही जात नाही.

भगवंतराव : मेला म्हणू नको.

शाकीब : बरं. बंद पडला.

भगवंतराव : चार महिने झाले संध्याले जाऊन. शेवटी शेवटी खाटेवर बसून दिवसभर टाइप करे. मी जवळ गेलो का झाकण लावे. म्या म्हणलं, काय लिहून राहिली एवढं, शेवया कशा कराच्या ते?

शाकीब : मंग? काय म्हणल्या काकू?

भगवंतराव : काही नाही. तू काम कर.

शाकीब : काम मशीन करून राहिली, मी रिकामाच आहे. काकू माह्या कॉम्प्युटर क्लासात होत्या, तेल्हाऱ्याले. सारे पोट्टे दहावीचे अन् त्या एकट्या पन्नाशीच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, शाकीब, याले कुलूप लागते का रे?

भगवंतराव : कायले कुलूप? घरात मी अन् ती. लेक अमरावतीले.

शाकीब : तेच म्या विचारलं. म्हणल्या, माह्या वहीले नव्हतं.

भगवंतराव : ...वहीचं सांगतलं तिनं तुले.

शाकीब : हाव. प्रणालीताईच्या साखरपुड्याचा दिवस. पंगत उठली अन् तुमी ओट्यावर उभे राहून वाचली. बाईचा आवाज काढून.

भगवंतराव : गंमत होती, बापा. घरचेच लोक होते.

शाकीब : साठ लोक होते म्हणे.

भगवंतराव : तिनं चहा देला ना मंग साऱ्यायले! राग असता तं चहा देला असता? दुसऱ्या दिवशी तिनंच वही चुलीत घातली, मले वाटलं रद्दी हाय.

शाकीब : झालं. शंभर टक्के. घ्या काका, अक्षर न् अक्षर आलं.

भगवंतराव : खोल.

शाकीब : पासवर्ड सांगा.

भगवंतराव : अबे, कॉपी केली ना तू?

शाकीब : कुलपासकट केली. पहिले एक पेटी बंद होती, आता दोन बंद आहेत.

भगवंतराव : कुलूप तूच लावलं ना? मंग तूच काढ.

शाकीब : लावलं म्या, शब्द टाकला त्यायनं. मी भित्तीकडे तोंड करून उभा होतो. हे तुटत नाही, काका.

भगवंतराव : माह्यं नाव टाक.

शाकीब : टाकलं. नाही घेत.

भगवंतराव : प्रणाली.

शाकीब : नाही.

भगवंतराव : लग्नाची तारीख टाक. एकवीस मे.

शाकीब : साल?

भगवंतराव : साल... थांब. प्रणाली झाली त्याच्या आधी दोन... का तीन...

शाकीब : राहू द्या. तारीख नाही ते. काय आहे ते मले माहीत आहे.

भगवंतराव : मंग इतका वेळ काहून तमाशा पाहून राहिला बे!

शाकीब : शब्द नाही माहीत. काय टाकलं एवढं माहीत आहे. दवाखान्यात भरती व्हाच्या आदल्या दिवशी फोन आला होता काकूचा. म्हणल्या, हे येतीन तुह्याकडे. नाही म्हणू नको, कॉपी करून दे. मंग सांग, ज्या ओळीवर सारे हसले, ती ओळ आहे. इंग्रजी अक्षरात टाकली का उघडते.

(भगवंतराव स्टुलावर बसतात.)

भगवंतराव : कोणती ओळ?

शाकीब : वाचली तुमी, काका.

भगवंतराव : सात वर्षं झाली. आवाज कसा काढला ते आठवते. टावेलचा पदर घेतला होता डोक्यावर, ते आठवते.

शाकीब : ओळ?

भगवंतराव : थांब, सहदेवले लावतो. तिचा भाऊच हाय, साऱ्यायच्या पुढं बसला होता. हालो, सहदेव?

सहदेव : बोला भाऊजी! अचलपूरले कधी येता?

भगवंतराव : प्रणालीच्या साखरपुड्याले म्या संध्याची वही वाचली होती. कोणत्या ओळीवर हसले रे सारे?

सहदेव : अरे बापा, तो टावेल! आमच्या घरी अजून काढतात ते. हसू हसू माह्या डोळ्यातून पाणी आलं होतं, भाऊजी. काय मान वाकडी केली होती तुमी!

भगवंतराव : ओळ सांग.

सहदेव : ओळ कोणं ऐकली? सारे तुमच्याकडे पाहून राहिलो होतो. ताईलेच विचारा ना, तिनंच तं... माफ करा भाऊजी. सवयीनं निघालं तोंडातून.

भगवंतराव : ठेव.

शाकीब : आणखी कोणाले लावता? साठ लोक होते.

भगवंतराव : सारे हेच सांगतीन.

शाकीब : मंग बांधून देऊ? कार्ड डबीत टाकतो. जपा, लहान आहे, हरपते.

भगवंतराव : थांब ना. पहिला शब्द 'मले' होता. तेवढा तं टाकून पाह्य.