खिडकीवरचा बोर्ड

हॅलो?… कोण, सुनंदा? बरं झालं गं तूच केलास… नाही, यांची तब्येत ठीक आहे. पडूनच असतात, पण ठीक. माझाच जीव थाऱ्यावर नाही. हळू बोलते हं, हे आतल्या खोलीत आहेत आणि दारात श्रीनिवास उभे… आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी गं! श्रीनिवासगारू, कूर्चोंडी, बैठो जरा, नांदेड से बहन का फोन है!… हां, बोल.

अगं ऐक ना. रस्त्याकडच्या भिंतीवर जाहिरातीचा बोर्ड लावणार आहेत. मोठ्ठा. गाद्यांच्या कंपनीचा… हसतेस काय? तो बरोबर यांच्या खिडकीवर येतोय!… हो, तीच. एकाहत्तर साली आम्ही काचीगुड्याच्या या घरात आलो, तेव्हापासूनची. अंथरुणाला खिळल्यापासून तेवढंच तर आहे त्यांना. उशीवर उशी रचून बसतात आणि स्टेशनचा रस्ता बघतात. आता काय, बोर्डाची पाठ बघायची?

…बिल्डिंगमधले बाकीचे सगळे कधीच हो म्हणालेत, माझ्याच होकारासाठी अडलंय. कंपनी आगाऊ भाडं देणार, त्यातून लिफ्ट बसणार… हो, लिफ्ट! माझे गुडघे मला माहीत आहेत. संक्रांतीपासून खाली उतरले नाहीये मी. तीन जिने… हो, हो, यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं होतं, तेही आठवतंय. अगं पण… मला बोलू दे ना!

जाहिराती वाईट नसतात म्हणे! जाहिरात बघून मागवलेलं तुझं ते पोळ्या लाटायचं यंत्र कुठंय?… माळ्यावर. बघ! इथे मेट्रोच्या खांबावर जाहिरात, ऑटोच्या पाठीवर जाहिरात, फोन उघडावा तर आधी जाहिरात. आता आजारी माणसापुढचं आभाळसुद्धा त्यांनाच द्यायचं?

…आपल्या वेळी होत्याच की, नाही कुठे म्हणते? कोठीच्या चौकात तो रंगारी बांबूवर चढून साबणाची बाई रंगवायचा. आज नाक झालं, उद्या डोळे… कॉलेजला जाताना रोज बघायचो आपण… हो, आणला की तो साबण! तुझ्या अंगाला खाज सुटली होती!… पण ती बाई कुणाच्या खिडकीपुढे येऊन उभी नव्हती राहिली.

…दो मिनट, श्रीनिवासगारू!… काय? यांना विचारलं का? कसं विचारू? माझ्यासाठी हो म्हणतील आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतील… बरं. बरं बाई, विचारते. ठेवू नकोस हं.

अहो… जागे आहात? ते खिडकीवर बोर्ड… काय? तुम्हाला माहीत आहे?… आणि हो म्हणून मोकळे झालात? मला न विचारता?… अहो, पण दिवसभर बघाल काय?…

…सुनंदा, आहेस ना? अगं, गेल्याच आठवड्यात हो म्हणालेत हे. मी आंघोळीला गेले होते तेव्हा… वर श्रीनिवासना म्हणाले, तिलाही विचारा, म्हणून ते आज दारात!… म्हणतात, मागून अक्षरं उलटी दिसतील, तर मी उर्दू शाळेत शिकलेला, उजवीकडून वाचायला मला काय!… थट्टाच गं. आधी थट्टाच करत होते. मग… थांब जरा.

मग म्हणाले, "मी रस्ता कुठे बघत होतो? तू बाजारातून येताना दिसायचीस. त्या वळणावर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचीस. आता तू येतच नाहीस, तर खिडकीतून बघू काय?"

…नाही, रडत नाहीये. नाही म्हटलं ना… रिटायर झाल्यापासून त्या खिडकीशी असतात, सुनंदा. मला वाटायचं, रेल्वेतला माणूस, गाड्यांचा नाद असेल. मी एकदासुद्धा वर बघितलं नाही गं.

श्रीनिवासगारू! मेरी हां है. मगर पहले लिफ्ट चालू होना, बाद में बोर्ड… नक्को, पहले बोर्ड नक्को! कंपनीवालों को पूछो… हां, इधरिच से करो फोन.

…अगं, कशाला म्हणजे? मध्ये दोन दिवस तरी मिळू देत. लिफ्टने खाली जाईन, मेथीची जुडी घेईन आणि त्या वळणावरून चालत येईन, खिडकी उघडी आहे तोवर… हो. या खेपेला वर बघेन.

…क्या बोले?… रुकते बोले?… थांबतायत गं, सुनंदा! अहो, ऐकलंत का?… ठेवते, ठेवते आता. बाजाराची पिशवी कुठे टाकलीय कोण जाणे, ती शोधायचीय मला.